सामायिक नोंदसंग्रहाची आवराआवर आणि दुरुस्ती



दाखल नोंदवहीचे पान फाटले, तर डिंक लावून ते चिकटवता येते. संगणकातील नोंदींचे तसे नाही. मायक्रोसॉफ्टचे ‘ॲक्सेस’ १९९२ साली बाजारात आले आणि पुढे अनेक लहान संस्थांत सभासद, ग्रंथ व देवघेव एकाच फाईलमध्ये नांदू लागली. ही फाईल सामायिक फोल्डरमध्ये ठेवली की चार जण चार संगणकांवरून काम करतात. गोम अशी की, येथे सर्व्हर केवळ कपाट असतो. लिहिण्यावाचण्याचे काम प्रत्येक संगणक स्वतः करतो. मधेच वायर निखळली वा वीज गेली, तर पान अर्धवट लिहिलेले राहते आणि दुसऱ्या दिवशी फाईल उघडतच नाही.

दुसरे दुखणे फुगण्याचे. नोंदी पुसल्या तरी फाईलचे आकारमान घटत नाही, आणि मर्यादा तर २ जीबीची. ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ ही आज्ञा फाईलची नवी, आटोपशीर प्रत रचून ती जुनीच्या जागी ठेवते. म्हणूनच डिस्कवर पुरेशी मोकळी जागा हवी, आणि त्या वेळी फाईल अन्य कोणाकडेही उघडी नसावी.

बहुतेकांची गाडी येथेच अडते. सर्व जण उठून गेले, तरी ‘फाईल वापरात आहे’ असा निरोप येतो. अशा वेळी शेजारची ‘एलडीबी’ ही कुलूप-फाईल पाहावी. २००७ च्या आवृत्तीपासूनच्या नव्या फाईलींत तिचे नाव ‘एलएसीसीडीबी’ असे झाले. शेवटचा माणूस बाहेर पडताच ती आपोआप नाहीशी व्हावयास हवी. एखादा संगणक तडकाफडकी बंद पडला असेल, किंवा फोल्डरमधील फाईल पुसण्याचा अधिकार कर्मचाऱ्यांना दिलेला नसेल, तर ती मागे उरते. तीत संगणकांची नावे असतात. मात्र निघून गेलेल्यांचीही नावे त्यांत असू शकतात. तेव्हा प्रत्येक संगणक प्रत्यक्ष पाहिल्यावाचून तिला हात लावू नये.

दुरुस्तीपूर्वी मूळ फाईलची प्रत काढावी, हे वेगळे सांगावयास नको. पण घाईत नेमके तेच राहते. काम नेटवर्कवरून न करता, फाईल स्थानिक डिस्कवर आणून करावे. दुरुस्ती पार पडल्याचे भासले, तरी काही नोंदी गळालेल्या असू शकतात. अडलेल्या गोष्टींची टिपणे ॲक्सेस एका वेगळ्या तक्त्यात ठेवते, तो वाचावा. दाखल क्रमांकावरील ‘प्रायमरी की’ टिकली आहे ना, हेही पाहावे. ती गेली असल्यास एकच क्रमांक दोन ग्रंथांना बिनबोभाट दिला जाईल. नोंदींची संख्या कागदी नोंदवहीशी ताडून मगच फाईल जागेवर ठेवावी. बिघडलेली मूळ प्रत मात्र तारीख घालून पुढील ग्रंथपडताळणीपर्यंत जपून ठेवावी.