सुरकुतीची रेघ



मागच्या वर्षी आमच्या गटातल्या एक मावशी वारल्या. घरच्यांनी तालुक्याहून त्यांचा फोटो मोठा करून आणला. फोटोवाल्यानं चेहरा गोरा केला, कपाळावरच्या आठ्या, डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या पार पुसून टाकल्या. नात भिंतीकडं बघून म्हणाली, "ही कोण?" तेव्हापासून चेहऱ्यावरच्या रेघांचा विषय आमच्या डोक्यातून जाईना.

नुसत्या रेघांनी चेहरा उभा करायची एक जुनी कला आहे, एचिंग. आपल्या लातूर-नांदेडकडं लग्नाच्या भांड्यावर ठोकून नाव घालतात ना? इथं ठोकायचं नाही. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा लेप द्यायचा आणि त्यावर सुईनं चित्र काढायचं. मेण निघालं तिथं तांबं उघडं पडतं. मग पत्रा तेजाबात ठेवायचा. उघडी रेघ तेवढी तेजाब खातं. जास्त वेळ ठेवला तर रेघ खोल जाते, शाई जास्त धरते, काळीभोर उमटते. शेवटी मेण काढून रेघांत शाई भरायची, वरची पुसायची, आणि ओलसर कागद ठेवून दाबाच्या यंत्रातून काढायचा.

हॉलंडच्या रेम्ब्रांनं १६२८ साली अशी एका म्हातारीची छबी केली. ती त्याची आई, असं मानतात. चित्र जेमतेम अडीच इंचांचं, पण केसासारख्या रेघांनी भरलेलं. रेघा दाट तिथं सावली, विरळ तिथं उजेड.

जर्मनीच्या केटे कोलविट्झ बाईंची रेघ दांडगी. त्यांचे यजमान बर्लिनमध्ये गरीब वस्तीत डॉक्टर होते. तिथल्या कष्टकरी बायका त्यांनी जवळून पाहिल्या. १९०५ सालच्या त्यांच्या एका चित्रात एक शेतकरीण लांब दांड्याच्या विळ्याला धार लावतेय. पातं तोंडाजवळ, डोळे अर्धवट मिटलेले, हात जाडजूड. रेघांवर रेघा इतक्या चढवल्यात की तोंड अंधारातून बाहेर आल्यासारखं दिसतं.

बैठकीत हे चित्र मोबाइलवर फिरवलं. बचतीचा हिशेब तसाच राहिला. एक जण म्हणाली, "ही काही कापणीला निघाली नाही. ही कुणाचा तरी जाब विचारायला निघालीय." आम्ही तोवर सांगितलंच नव्हतं, की हे चित्र जर्मनीतल्या शेतकऱ्यांच्या १५२५ च्या बंडावरच्या सात चित्रांपैकी आहे!

मावशींचा जुना फोटो आमच्या गटाच्या अर्जावर चिकटवलेला आहे, इवलासा. घरच्यांना विचारून तोच मोठा करायला दिलाय. काही पुसू नका, असं पाकिटावर लिहून.