आग नंतर, आधी पाणी

आज बोलू या पावसाळी ट्रेकवर. परळच्या आपल्या मंडळाची पोरं सह्याद्रीत न्यायची, तर आधी काय शिकवायचं? रील्स बघून सगळ्यांना चकमकीने आग पेटवायची असते. मी म्हणतो, आग नंतर. आधी पाणी वाचायला शिका.

३० जून २०२४ला लोणावळ्यात, भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाऊस वर डोंगरात पडतो, लोंढा खाली येतो. तुमच्या डोक्यावर तेव्हा ऊनही असू शकतं. म्हणून खुणा पाठ करा: पाणी अचानक गढूळ झालं, पानं-काटक्या वाहत आल्या, आवाज वाढला. एक जरी खूण दिसली, तरी लगेच बाहेर. फोटो नाही, बॅग नाही. वाटेतला ओढा चढला असेल तर काठावरच थांबा. पाऊस उघडला की सह्याद्रीतले ओढे बहुतेक वेळा काही तासांत उतरतात.

याचा सराव परळमध्येच होतो. हिंदमाताला पाणी तुंबलं की पोरांना विचारा, तळ दिसतोय का? २९ ऑगस्ट २०१७च्या पावसात आपल्या एल्फिन्स्टनजवळ डॉ. दीपक अमरापूरकर उघड्या मॅनहोलमध्ये पडले, त्यात त्यांचा जीव गेला. डोंगर असो की रस्ता, तळ दिसत नाही तिथे पाय नाही.

आणि एक. ग्रुपमधल्या सगळ्यात लहान पोरालाही ‘मागे फिरू’ म्हणायचा हक्क द्या. तो म्हणाला की सगळे फिरले पाहिजेत, हसायचं नाही. गड कुठे पळून जात नाही.

भेटू पुढच्या भागात!