मौनाचा अर्थ



प्रश्न विचारताच मुलाने मान खाली घालून स्तब्ध राहावे, हा अनुभव कोणाही शिक्षकास नवा नाही. ‘याला काही येत नाही’ असा निर्णय अशा वेळी सहज दिला जातो. ऑस्ट्रेलियातील आदिवासी मुलांच्या वाट्याला असे निर्णय पिढ्यान्‌पिढ्या आले. म्हणून तेथील अनुभव शिक्षकाने पारखून पाहण्याजोगा आहे.

सुमारे १९१० ते १९७० या काळात तेथील अनेक आदिवासी मुलांना आईबापांपासून तोडून संस्थांत व परक्या घरांत ठेवण्यात आले. हे त्यांच्या हितासाठीच, असे सांगितले जाई. परंतु ते हित कोणते, हे मुलांना कोणी विचारले नाही. प्रौढ झालेल्या त्या मुलांची निवेदने १९९७ च्या राष्ट्रीय चौकशी अहवालात आली. पुढे १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत क्षमायाचना केली. न ऐकण्याची भरपाई क्षमेने पुरती होत नाही.

भाषाशास्त्रज्ञ डायाना ईड्स यांनी दाखविले आहे की, तेथील आदिवासी संभाषणात मौन अवघड मानले जात नाही. ते विचाराचे लक्षण असते. उलट, अधिकारी व्यक्तीने प्रश्नांची सरबत्ती केली की पुष्कळदा ‘होय’ हे उत्तर मिळते. त्यात संमती असतेच असे नाही. प्रसंग टाळण्याचा तो मार्ग असतो. डेली नदीकाठच्या आदिवासी शिक्षिका मिरियम-रोज उंगुनमेर-बाउमन यांनी आपल्या भाषेतील ‘दादिरी’ हा शब्द जगापुढे ठेवला. अंतःकरण शांत ठेवून, घाई न करता ऐकणे, हा त्याचा भाव.

मूल बोलू लागले म्हणजे काय घडते, हे सप्टेंबर २०१९ मध्ये जिनीव्हात दिसले. अ‍ॅलिस स्प्रिंग्ज येथील बारा वर्षांच्या आदिवासी मुलाने संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत मागणी केली की, दहा वर्षांच्या मुलांना तुरुंगात टाकू नये आणि आपली शाळा आपल्याच लोकांनी चालवावी. वर्गात मागे पडलेला हा मुलगा घरी तीन भाषा जाणत होता.

१९८९ च्या बालहक्क संहितेचे बारावे कलम मुलाच्या मतास त्याच्या वयानुरूप व समजुतीनुरूप महत्त्व द्यावे असे सांगते. ऑस्ट्रेलियाने १९९० मध्ये व भारताने १९९२ मध्ये ती संहिता स्वीकारली. म्हणून नंदुरबारची भिली, मेळघाटची कोरकू वा गडचिरोलीची गोंडी बोलणारे मूल वर्गात गप्प बसले, तर शिक्षकाने प्रथम थांबावे. मुलाच्या शेजारी बसून आधी स्वतःविषयी दोन शब्द सांगावेत. ज्याचे उत्तर केवळ ‘होय’ होईल असा प्रश्न टाळावा; उत्तर घरच्या बोलीत आले तरी स्वीकारावे. आणि त्याच्या म्हणण्याचे पुढे काय झाले, हे त्यास आवर्जून कळवावे. आपले बोलणे वाया गेले नाही असे ज्यास कळते, ते मूल दुसऱ्या दिवशी आपण होऊन बोलते.