वरच्या मजल्यावरील आवाज



आपण या घटकेस माझें बोलणें ऐकत आहां. आणि आपल्या रेडिओचा आवाज जरा मोठा असेल, तर भिंतीपलीकडचे शेजारीही तें नाइलाजानें ऐकत असतील. त्यांची क्षमा मागूनच आजच्या विषयास आरंभ करतों. एका इमारतींत राहणाऱ्या कुटुंबांत आवाजावरून जे तंटे माजतात, ते गोडीनें कसे मिटवावे, हा तो विषय.

प्रथम माझ्याच एका चुकीची हकीकत सांगतों. चार मजली इमारतींत आमचें बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर. गेल्या वर्षीं रोज पहांटे साडेपांचच्या सुमारास आमच्या डोक्यावर ठोके सुरू होत. माझी बहीण नुकतीच आजारांतून उठलेली. रात्रभर तळमळून तिचा डोळा लागे, तो नेमका त्याच वेळीं. दोनतीन दिवस सोसलें. मग मीं काठीनें छतावर उलट ठोकलें. आठवड्यानें वरच्या बिऱ्हाडाविरुद्ध सोसायटीच्या कमिटीकडे तक्रारअर्ज दिला. जिन्यांत हंसून नमस्कार करणारी ती मंडळी आतां मान वळवून जाऊं लागली. पुढें दिवाळीस तीं सर्व माणसें गांवीं गेलीं, दारास कुलूप लागलें. आणि दुसऱ्या दिवशीं साडेपांचाला ठोके पूर्ववत् सुरू! आवाज त्यांचा नव्हताच. तो त्यांच्या शेजारच्या बिऱ्हाडांतील एका वृद्ध बाईंच्या खलबत्त्याचा होता.

कान असा दगा कां देतो? बोलणें, गाणें हे आवाज मुख्यतः हवेंतून येतात. दारें-खिडक्या लावल्या कीं बरेच मंदावतात. ठोक्याचें तसें नाहीं. सिमेंट-काँक्रीटच्या इमारतींत छत, तुळया व खांब एकमेकांशीं पक्के जखडलेले असतात. ओट्यावर बसलेला घाव भिंतींत उतरतो, भिंतींतून छतांत पसरतो, आणि तें छत आपल्या खोलींत घुमूं लागतें. त्यामुळें मूळ बाजूला असलें, तरी आवाज डोक्यावरूनच आल्यासारखा वाटतो. आणि खालीं तो कसा ऐकूं जातो, याची ठोकणारास कल्पनाही नसते.

कोणी म्हणेल, कायदा आहेच. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं वसतीच्या भागांत दिवसा ५५ आणि रात्रीं १० पासून सकाळीं ६ पर्यंत ४५ डेसिबेल अशी मर्यादा घातली आहे. मध्यरात्रीं वाजणाऱ्या ध्वनिवर्धकास आवर घालण्यास हे नियम फार उपयोगी आहेत, आणि तशा वेळीं पोलिसांकडे जाण्यास संकोच करूं नये. परंतु हें माप कांहीं काळाच्या सरासरीचें असतें. दहावीस ठोके त्या सरासरींत विरून जातात. निजलेल्याची झोंप मात्र पहिल्याच ठोक्यानें मोडते.

वरची मंडळी परत आल्यावर मीं त्यांच्या घरीं जाऊन क्षमा मागितली व अर्ज मागें घेतला. नंतर त्या वृद्ध बाईंना चहास बोलाविलें आणि त्यांच्या नातवास वर खलबत्ता वाजवावयास सांगितलें. चार ठोके ऐकतांच त्या म्हणाल्या, “अगबाई, एवढें घुमतें होय! मला कुणी बोललें कसें नाहीं?” मुलाच्या डब्यासाठीं त्या दाण्याचें कूट करीत; मिक्सरांत तें तेलकट होतें, असें त्यांचें मत. आतां कूट आदल्या संध्याकाळीं होतें, आणि खलबत्त्याखालीं चौपदरी गोणपाट असतें. निघतांना त्या हळूच म्हणाल्या, “एक सांगूं का? तुमचें दार रात्रीं अकराला धाडकन् लागतें, त्यानें आमच्या यांना दचकायला होतें.” मीं वरमून खालीं पाहिलें. तें मला ठाऊकच नव्हतें!

श्रोतेहो, यांतून मीं एवढेंच शिकलों कीं, आवाज करणारा बहुधा दुष्ट नसतो. त्याला तो आपल्या जागेवरून ऐकूं येत नाहीं, इतकेंच. म्हणून आरोप करण्यापूर्वीं आवाजाचें मूळ शोधावें. ठोके चालू असतां रागाच्या भरांत जाऊं नये. दुसरे दिवशीं, निवांत वेळीं, स्वतः जावें. चिठ्ठी किंवा निरोप पाठवूं नये. “तुम्ही फार गोंगाट करतां” असें न म्हणतां, “आमच्याकडे येऊन एकदां ऐकतां का?” असें विचारावें. मग मागणें नेमकें असावें : अमुक वेळेपर्यंत शांतता, खुर्चीच्या पायांस रबराच्या टोप्या, मुलें खेळतात तेथें जाड सतरंजी. मुलांचें धांवणें कोणी बंद करूं शकत नाहीं. त्याची वेळ मात्र ठरवितां येते. आणि आपल्या घरचा कोणता आवाज त्यांस जाचतो, हेंही त्याच बैठकींत विचारून घ्यावें. एवढ्यानें न भागलें, तर कमिटी आहे, कायदाही आहे. पण त्या पायऱ्या नंतरच्या.

माझी बहीण आतां सातपर्यंत स्वस्थ निजते. आमच्या दाराच्या चौकटीला रबराची पट्टी बसली आहे. वरच्या मंडळींचा नमस्कार पूर्वींसारखा मोकळा व्हावयास मात्र बरेच महिने लागले. आवाज एका दिवसांत थांबला, अविश्वास तितक्या लवकर गेला नाहीं.

आतां आपला रेडिओ थोडा हळू करावा, ही विनंती.