गोळा केलेला उजेड

उन्हात भिंग धरलं की खालचा कागद जळतो, हे आपण शाळेत पाहिलंय. ऊन तेवढंच, पण एका टिंबावर गोळा झालं की जाळतं. आजची गोष्ट अशाच गोळा केलेल्या उजेडाची.

मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तिथे प्रा. जी. रवींद्र कुमार यांच्या गटाने सुमारे १०० टेरावॉटच्या लेझरवर काम केलं. त्याचा एक झोत किती वेळ टिकतो? सेकंदाचे दहा कोटी कोटी भाग करा, त्यातले जेमतेम २५-३० भाग. त्यात ऊर्जा किती? किलोभर कांदा वीत-दीड वीत उचलायला लागते, साधारण तेवढीच! पण ती केसाहून बारीक ठिपक्यावर पडते आणि तिथल्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे करते. यालाच प्लाझ्मा म्हणतात. पावसाळ्यात सप्तशृंगी गडावर कडाडणारी वीज, वेल्डिंगचा झगझगाट, हाही प्लाझ्माच.

हा प्लाझ्मा आरशासारखा उजेड परत फेकतो. मात्र हा आरसा लेझरच्या लाटांबरोबर प्रचंड वेगाने मागेपुढे थरथरतो. म्हणून गेलेल्या उजेडाबरोबर नवा उजेडही परत येतो. पेटीचा एक सूर दाबावा आणि वरच्या सप्तकातलेही उमटावेत, तसा. अतिनील, अगदी क्ष-किरणांपर्यंतचा. त्याच्या अतिशय छोट्या झोतांनी इलेक्ट्रॉनची हालचाल टिपायचा शास्त्रज्ञांचा प्रयत्न आहे.

इतके तीव्र झोत बनवायची युक्ती १९८५ साली डोना स्ट्रिकलंड या विद्यार्थिनीने आपले गुरू जेरार मुरू यांच्याबरोबर काढली. २०१८ साली दोघांना नोबेल मिळालं. लेकीने विज्ञान शाखेचा हट्ट धरला तर हे नाव आठवा.

प्रयोगशाळेत हे काम खास चष्मे लावून होतं. आपल्याकडे वरातीत, मिरवणुकीत डीजेच्या गाडीवर लागणारा लेझर त्यापुढे काहीच नाही. पण आपल्या डोळ्यातही भिंग आहे. ते लेझरचा झोत आतल्या पडद्यावर एका टिंबात गोळा करतं. पडदा भाजला तरी दुखत नाही, पण गेलेली नजर परत येईलच असं नाही.

म्हणून लेझरकडे पाहू नका. लेकरांना खांद्यावर घेऊन त्याच्यासमोर उभ्या राहू नका. नंतर अंधूक किंवा काळा डाग दिसला, तर घरचे उपाय न करता लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. आणि बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्याच: आपल्या घरच्या लग्नात लेझर नको.