बारा बोटांची काठी

शाळेत प्रयोगशाळा नाही, साहित्याची पेटी कुलपात आहे आणि कुलपाची किल्ली रजेवर गेलेल्या माणसाकडे आहे, असं म्हणून विज्ञानाचा तास फळ्यावरच उरकणारे मास्तर मी पुष्कळ पाहिलेत. मीही बरीच वर्षं त्यातलाच होतो.

मग एका डिसेंबरात पोरांना म्हटलं, घरून पऱ्हाटी आणा. कापसाची वेचणी संपली की आमच्या पाचोऱ्याच्या शिवारात बांधाबांधावर पऱ्हाटीचे ढीग लागतात. त्यातली त्यातल्या त्यात सरळ काडी निवडली आणि चार बोटं तीनदा ठेवून बारा बोटांएवढी कापली. मैदानात ती रोवली, भोवती दोरीनं वर्तुळ आखलं. काडी सरळ उभी आहे की नाही हे बघायला सुताला नट बांधून ओळंबा केला. पऱ्हाटीच ती, तीनदा उपटून पुन्हा रोवावी लागली.

सकाळी बरोबर दहाला सावलीचं टोक वर्तुळाला टेकलं आणि आत शिरलं. तिथे खडा ठेवला. आता ते बाहेर पडताना पुन्हा कधी टेकेल? सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, दोन वाजता. बाराला सूर्य डोक्यावर, म्हणजे हिशेब सरळच. मलाही तसंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू? दोन वाजले, अडीच झाले, सावली आतच. टोक टेकलं तेव्हा तीनला चार मिनिटं कमी होती.

पोरांनी आधी ओळंब्यावर संशय घेतला, मग माझ्या घड्याळावर. दोन्ही ठीक होते. दहा आणि दोन छप्पन्न यांचा मध्य काढला तर बारा अठ्ठावीस. आपलं घड्याळ चालतं साडेब्याऐंशी रेखांशाच्या वेळेवर, ती रेषा जाते तिकडे मिर्झापूरजवळून. पाचोरा तिच्या पश्चिमेला सात अंशांहून थोडं जास्त. अंशाला चार मिनिटं धरा. म्हणजे स्टेशनवरच्या घड्याळात बारा वाजतात तेव्हा पाचोऱ्याची खरी दुपार अजून अर्धा तास लांब असते. शिवाय दोन्ही खडे जोडले की पूर्व-पश्चिम रेषा मिळते, होकायंत्राशिवाय.

बाराच बोटं का? शेजारच्या चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवीजवळचं पाटण आहे. तिथल्या 1207 सालच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, मठ काढल्याची नोंद आहे. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ लिहिली 1150 मध्ये. तिच्यात सावल्यांच्या गणिताचं वेगळं प्रकरणच आहे, आणि त्यातला शंकू बारा अंगुळांचा. पोरांना हे सांगितलं तेव्हा त्या वाकड्या पऱ्हाटीला एकदम मान आला.

पुढे आम्ही वर्षभर मापं घेतली. 22 डिसेंबरच्या सुमारास भरदुपारची सावली साडेअकरा बोटांच्या थोडी वर, म्हणजे जवळपास काठीएवढीच. त्या दिवशी पाण्याच्या टाकीची सावली दोरीनं मोजली की टाकीची उंची हाती आली, शिडी लागली नाही. मार्चात आणि सप्टेंबरात दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा ती साडेचार बोटं. जुने ज्योतिषी हिला पलभा म्हणतात, आणि ती गावोगावी वेगळी. जूनमध्ये शाळा उघडल्यावर ढगांनी एखादा दिवस सवड दिली, तर दुपारी अर्धा बोट सावली चक्क दक्षिणेला पडलेली दिसते! आपण कर्कवृत्ताच्या खाली राहतो ना, त्या दिवसांत सूर्य आपल्या उत्तरेला गेलेला असतो.

उत्तरेला जाताना तो एकदा बरोबर डोक्यावरून जातो. पाचोऱ्यात हे घडतं 24 मेच्या आसपास. परतताना 20 जुलैच्या सुमाराला पुन्हा घडतं, पण तेव्हा आभाळ कुठलं मोकळं असायला? मेमध्ये ऊन हवं तेवढं, पण वर्ग मामाच्या गावाला गेलेला. म्हणून गेल्या मेमध्ये मी घरच्याच अंगणात काठी रोवून सव्वाबाराला बसलो. शेजारचं सहा-सात वर्षांचं पोर येऊन उकिडवं बसलं. सावली आखडत आखडत काठीच्या बुडाशी गेली आणि दिसेनाशी झाली. पोरानं काठीभोवती एक फेरी मारली, मागे वाकून पाहिलं आणि मला विचारलं, “गुरुजी, सावली कथा गयी?”

मी काठी उपटून त्याच्या हातात दिली.