मुलींच्या चरित्रांचे एक जुने पुस्तक
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. हळदीकुंकवाला दोन शब्द बोला म्हटले तरी माझ्या तोंडाला कोरड पडते. परंतु मंडळाच्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली गेली कित्येक वर्षे माझ्याकडे आहे. तेव्हा ‘मुलांसाठी चरित्रे’ हा विषय चिटणीसबाईंनी माझ्याच गळ्यात मारला. चुकलेमाकले सांभाळून घ्यावे.

अनेक थोरांची चरित्रे एकाच पुस्तकात ओवण्याची रीत फार जुनी आहे. ग्रीक लेखक प्लूटार्क याने ग्रीक आणि रोमन पुरुषांच्या जोड्या लावून चरित्रे लिहिली. आपल्याकडे महिपतीबुवांनी १७६२ साली ‘भक्तविजय’ पुरा केला. माझी आजी चातुर्मासात तो वाचायची आणि आम्ही पोरे खांबाला टेकून ऐकायचो. त्यात नामदेव, कबीर होतेच, पण जनाबाई, कान्होपात्रा, मीराबाईही होत्या. दळण दळणारी बाईसुद्धा पोथीत जाते, हे मला तेव्हा प्रथम कळले.

आज मला बोलायचे आहे ते मात्र एका अमेरिकन पुस्तकाबद्दल. सारा नोल्स बोल्टन या बाई १८४१ साली कनेक्टिकट राज्यात जन्मल्या. त्यांनी १८८५ साली ‘नावारूपाला आलेली गरीब मुले’ अशा अर्थाच्या नावाचे एक पुस्तक लिहिले. त्यात वाफेच्या एंजिनाचा जेम्स वॅट, विजेचा शास्त्रज्ञ फॅरेडे, अध्यक्ष लिंकन अशांची छोटी छोटी चरित्रे आहेत. पुढच्याच वर्षी, १८८६ साली, त्यांनी मुलींचे पुस्तक काढले : ‘नावारूपाला आलेल्या मुलींची चरित्रे’. या पुस्तकावर आता कुणाचा हक्क राहिलेला नाही, त्यामुळे ते फुकट वाचायला मिळते. माझ्या नातीने ते फोनवर काढून दिले आणि शब्दकोश मांडीवर घेऊन आम्ही दोघींनी ते दुपारी दुपारी वाचले.

वाचता वाचता नातीनेच मला विचारले, “आजी, मुलांच्या पुस्तकाच्या नावात ‘गरीब’ आहे. मुलींच्या नावातून तो शब्द कुठे गेला?”

मी विचारात पडले. मुलींच्या पुस्तकात बर्डेट-कूट्स ही इंग्लंडातली अतिश्रीमंत वारसदार आहे, फ्रान्सच्या अर्थमंत्र्याची लेक मादाम द स्ताल आहे, सुखवस्तू घरातली फ्लॉरेन्स नाइटिंगेल आहे. त्या काळी पैसा हाताशी असतानाही बाईला वाट काढावी लागत होती. मुलाला गरिबी आडवी येत असे. मुलीला तिचे मुलगी असणेच आडवे येत असे. त्यातून जी गरीबही असेल, तिला दोन डोंगर ओलांडायचे. अशाही काहीजणी त्या पुस्तकात आहेत, आणि त्याच मला अधिक जवळच्या वाटल्या.

मरिया मिचेल ही नॅन्टकेट बेटावरची. वडिलांनी तिला आकाश वाचायला शिकवले. ती ग्रंथालयात नोकरी करी आणि रात्री दुर्बिणीशी बसे. १ ऑक्टोबर १८४७ च्या रात्री घरी पाहुणे जमले होते. ही हळूच गच्चीवर गेली आणि तिला एक नवा धूमकेतू दिसला. डेन्मार्कच्या राजाचे सुवर्णपदक तिला मिळाले आणि पुढे व्हॅसर कॉलेजात ती खगोलशास्त्राची प्राध्यापिका झाली. घरात पाहुणे असताना स्वयंपाकघर सोडून गच्चीवर जाण्याची छाती आपल्यापैकी कितीजणींना होईल, ते ज्याचे त्याने मनाशी ठरवावे!

पण मला खरोखर सांगायचे आहे ते मेरी लायनचे. १७९७ साली मॅसॅच्युसेट्समधल्या एका शेतकऱ्याच्या घरी ती जन्मली. पाच वर्षांची असताना वडील गेले. पुढे आईने दुसरा संसार थाटला, तेव्हा तेरा वर्षांची ही पोर भावाचे घर सांभाळू लागली. भाऊ तिला आठवड्याला एक डॉलर देई, तो ती शिक्षणासाठी गाठीला बांधी. सतराव्या वर्षी ती मास्तरीण झाली. पगार आठवड्याला पाऊण डॉलर आणि जेवणखाण. पैसे साठले की शिकायचे, संपले की पुन्हा शिकवायचे, असे तिचे वर्षानुवर्षे चालले.

मग तिच्या मनाने घेतले की साध्या घरच्या मुलींना परवडेल अशी उच्च शिक्षणाची शाळा काढायची. हातात हिरवी पिशवी घेऊन ती वर्गणीसाठी दारोदार हिंडली. बाईमाणसाने असे हिंडणे शोभत नाही, असे लोक बोलले. तिने तिकडे लक्ष दिले नाही. कुणी सहा सेंट दिले तरी ती घेई. परंतु अगदी सुरुवातीचे सुमारे हजार डॉलर कुणी दिले, ठाऊक आहे? इप्सविच गावातल्या आणि आसपासच्या बायकांनी! १८३७ साली माउंट होल्योकची शाळा उघडली. पहिल्याच वर्षी ऐंशीच्या आसपास मुली आल्या. राहण्याजेवण्यासकट वर्षाची फी साठ डॉलर होती, कारण स्वयंपाकपाणी, झाडलोट सारे मुली आपापसांत वाटून करीत. ती शाळा आज कॉलेज म्हणून चालू आहे.

या पुस्तकात उणे नाही असे नाही. गुलामगिरीविरुद्ध लिहिणारी हॅरिएट बीचर स्टो त्यात आहे, ल्युक्रेशिया मॉट आहे. पण स्वतः गुलामीतून निसटून इतरांना सोडवायला पुन्हा पुन्हा परत जाणारी हॅरिएट टबमन मूळ पुस्तकात नाही. ती तेव्हा हयात होती. काळ्या वर्णाची एकही बाई त्यात नाही. शिवाय त्याच १८८६ सालच्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला आपल्या आनंदीबाई जोशी एम्. डी. झाल्या आणि तो समारंभ पाहायला पंडिता रमाबाई इंग्लंडहून गेल्या. बोल्टनबाईंच्या देशात, त्यांच्या पुस्तकाच्या वर्षी! पण त्यांची नजर युरोप-अमेरिकेपलीकडे गेली नाही. आनंदीबाईंचे चरित्र आपल्याकडे काशीबाई कानिटकरांनी लिहिले. आपल्या बायकांची चरित्रे आपणच लिहायची असतात, असा याचा अर्थ.

आणि दुसरे उणे असे की, अशा पुस्तकांत प्रकरण मिळते ते नावारूपाला आलेल्या बाईला. मेरी लायनवर प्रकरण आहे. इप्सविचच्या त्या बायकांवर नाही. त्यांनी आपली पुंजी सोडली नसती, तर मेरी लायनची पिशवी रिकामीच राहिली असती.

आता थोडे घरचे बोलते. मी १९६९ साली अकरावी पास झाले. त्या वर्षी घरात दोघांची कॉलेजची फी निघणे शक्य नव्हते. एकाची निघाली, ती भावाची. मी कुणाला दोष देत नाही. वडील रात्री हिशेबाची वही पुढे घेऊन बसलेले मी पाहिले होते. पण पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी जूनमध्ये कॉलेजच्या मुली रस्त्याने जाताना दिसल्या की मी आजही खिडकीतून बाजूला होते.

आपल्या कपाटातली चरित्रे दर शनिवारी नेणारी एक मुलगी होती. तिचे नाव घेत नाही, तिला संकोच वाटेल. यंदा ती दहावी चांगल्या गुणांनी पास झाली आणि जूनपासून पुस्तकाला आली नाही. चौकशी केली तेव्हा कळले की फी धाकट्या भावाची भरली, आणि ही आता शिलाईकाम घेते. तीच वही, तोच हिशेब!

गेल्या सभेत वर्धापननिधीतून प्रत्येक सभासदाला स्टीलचा डबा द्यावा अशी सूचना आली, तेव्हा हात वर करणाऱ्यांत मीही होते. आज तो हात मी खाली घेते. डबे माझ्या घरी पुष्कळ आहेत. आपल्यापैकीही एखादीच्या फळीवर डब्याला जागा नसेल, असे मला वाटते. त्या निधीतून या मुलीची अकरावी-बारावीची फी सहज भागेल. तिच्या आईशी मी बोलले आहे. “मंडळ पाठीशी उभे राहत असेल तर पाठवते,” एवढेच ती म्हणाली.

पुढे ती मुलगी नावारूपाला येईल की नाही, हे मला ठाऊक नाही. यावे अशी माझी अटही नाही. तिने शिकावे, इतकेच. आपल्यावर कुणी प्रकरण लिहिणार नाही, हेही खरे. इप्सविचच्या बायकांवर तरी कुणी लिहिले?

कार्यकारिणीची सभा मंगळवारी चार वाजता आहे. सगळ्याजणी या. आणि शनिवारी कपाट नेहमीप्रमाणे उघडे आहे.